पाहुण्यांसाठी ठेवलेली बाटली

पोलिसांच्या नोकरीत खून पाहिले, दंगे पाहिले, पण पाणी तपासणीच्या पेटीच्या एका साध्या चोरीनं जेवढं घाबरवलं तेवढं कशानंच नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दुपारी जेवणाचा डबा उघडला तोच एक बाई धापा टाकत आत आल्या. भूजलावर संशोधन करणाऱ्या सरकारी पथकातल्या. हद्दीतल्या एका गावात विहिरींचे, हातपंपांचे नमुने घेऊन त्यांनी निळी पेटी जीपमध्ये ठेवली आणि सरपंचांकडे जेवायला गेल्या. परत येतात तो पेटी गायब.

मी म्हटलं, "मॅडम, विहिरी काही पळून गेल्या नाहीत. नमुने पुन्हा घ्या."

"नमुन्यांचं नाही हो साहेब! नमुना टिकावा म्हणून त्यात आम्ही थोडं ॲसिड टाकतो. त्याची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली पेटीत आहे. दिसायला पाणीच. लेबल आहे, पण इंग्रजीत. कोणी घोट घेतला तर..."

डबा तसाच झाकला आणि जमादारांना घेऊन निघालो.

खबर दिली एसटी थांब्याजवळच्या शिंप्यानं. गावाला पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा नळवाला सायकलवर पोत्याखाली निळं काहीतरी बांधून पंपघराकडे जाताना त्यानं पाहिला होता. पंपघरात पेटी सापडली. नमुन्याच्या बाटल्या ओतून रिकाम्या फेकल्या होत्या. ॲसिडची तेवढी नव्हती. गावाच्या टाकीत तर ओतलं नसेल? आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करवला.

बाई म्हणाल्या, "लाऊडस्पीकरवरून गावाला सांगा."

मी नाही म्हटलं. गाव बिथरेल, चोर सावध होईल. चौकशीत आपल्या हातात काय आहे ते समोरच्याला दाखवायचं नाही, हे मी शिकलो होतो आणि त्याचा मला ताठाही होता. बाईंनाही तोंड बंद ठेवायला सांगितलं.

नळवाल्याला ग्रामपंचायतीत बसवलं. पन्नाशीचा माणूस, कामाच्या दिवशी अंगात घडीचा कडक शर्ट. नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"पेटी कोणी नेली?"

"मले काय मालूम साहेब?"

"शिंप्यानं पाहिलंय तुला. एक बाटली कमी आहे. कुठं टाकली?"

"मले नाही मालूम."

सरकारी कामात अडथळा, चोरी, नोकरी जाईल, सगळं ऐकवलं. जसजसा मी आवाज चढवला तसतसा तो मिटत गेला. तेवढ्यात त्याच्या घराकडे पाठवलेले जमादार परत आले.

"साहेब, त्याच्या घरी मुलीकडचे आलेत, पोराचं घर पाहायला. पोलीस दारात उभा राहिला तर सोयरीक मोडेल. म्हणून आत गेलो नाही."

मला ते पटलं. चोरीपायी पोराचं लग्न कशाला मोडा? बाटली फेकली असेल कुठं नाल्याबिल्यात, म्हणून दोन शिपाई तिकडे पिटाळले. शहाणपणाच्या नावाखाली केलेली ही माझी दुसरी चूक.

बाईंना मात्र राहवलं नाही. माझ्याकडे न बघता त्या नळवाल्यासमोर खाली बसल्या. "काका, त्या सीलबंद बाटलीत ॲसिड आहे. प्यायलं तर माणूस मरेल."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आँ? ते तं सरकारी शुद्ध पाणी व्हय ना? बाकीच्या तुम्ही माह्या डोयापुढं भरल्या. ते सीलबंद व्हती... म्या पाहुण्यायसाठी घरी देली!"

खाऱ्या पाण्याच्या गावात गोड पाणी पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. पाहुण्याच्या पहिल्या घोटावर सोयरिकी अडतात. हे मला माहीत होतं, तरी डोक्यात आलं नाही! त्यानं घरी फोन लावला. नुसती रिंग जात राहिली.

गाडी गल्लीत शिरेना, तेव्हा उतरून पळत सुटलो. तो माझ्यापुढं, अनवाणी. घरात पाहुणे ओळीनं बसले होते. त्याच्या बायकोनं नुकतेच पेले फिरवले होते. मुलीच्या आजोबांनी पेला ओठांजवळ नेला होता.

"पेऊ नका! बाबा, पेऊ नका, ॲसिड व्हय ते!" त्यानं पेल्यावर हातच मारला. दोघाचौघांचे पेले मी हिसकावून घेतले. कोणीच प्यायलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

मुलीचे मामा उभे राहिले. "घरात ॲसिड काऊन आलं हो?"

त्याला वाचवायला काहीतरी खोटं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तो आधीच बोलला, "म्या चोरून आणलं. सरकार पाणी तपासून राह्यलं. गावचं पाणी खराब निघालं तं पेऊ नका म्हणून हातपंपाले लाल रंग मारतीन, तुमी पोरगी देणार नाही, म्हणून पेटीच उचलली."

आजोबांनी चुरचुरणाऱ्या हातावर रांजणातलं पाणी ओतून घेतलं. पाहुणे चहा न घेताच उठले. मुलगा दाराशी उभा होता. बापाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

ठाण्यात जबाब घेताना मी विचारलं, "अरे, नमुने ओतून पाणी गोड होतं का?"

"दरसाल कोणी ना कोणी बाटल्या भरून नेते साहेब. काय निघालं ते सांगाले एकबी वापस नाही आलं. मंग आमी काय समजावं? वाईटच असन."

ते बाई ऐकत होत्या. पुढं त्यांनी नमुने पुन्हा घेतले आणि अहवाल आला तसा ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवला. मी त्यांना काय दोष देणार? ज्या गोष्टीवर त्याच्या घरातल्यांचा जीव टांगला होता, ती मी तासभर त्याच्यापासूनच दडवली होती.

तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. ती शाबासकी माझी नव्हती. पुढच्या नोकरीत, कोणाच्या जिवाशी गाठ असली तर हातची माहिती आधी सांगून टाकायची आणि चौकशी मग, हे मी पाळलं. त्या गावावरून पुढं कित्येकदा गेलो. मुलाचं लग्न जमलं का, हे नळवाल्याला विचारायची हिंमत मात्र मला कधीच झाली नाही.