घोडीची खुशाली

ताई, आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी देवळालीहून निघालो तेव्हा बाबा तबेल्यातल्या खाकी शर्टातच स्टेशनवर आले होते. मला गाडीत बसवून त्यांना परत मेजरसाहेबांच्या घोड्यांना खरारा करायला जायचं होतं. साहेबांकडे आलेल्या एका इंग्रज पाहुण्याने मला कॅम्पच्या मैदानात घोड्यावरून उड्या मारताना पाहिलं आणि आपल्या इंग्लंडमधल्या तबेल्यात बोलावलं. गाडी हलली तशी बाबा म्हणाले, "पायावर हात फिरवल्याबिगर कंच्याबी घोड्यावर बसू नको."

पहिली चार वर्षं इंग्लंडमध्ये मी लीदच काढली. मग हिवाळी शर्यतींत घोडा मिळू लागला. तिथं नुसतं पळायचं नसतं, छातीएवढी कुंपणं ओलांडायची असतात. आपल्या कॅम्पातला मोतद्दाराचा पोरगा जॉकी झाला म्हणून तुम्ही सगळ्यांना पेढे वाटले. बाबा सांगायचे, तू लिहायचीस, आणि पत्रात माझ्याआधी घोड्यांची चौकशी असायची.

पॉपी नावाची तांबडी घोडी तीन हिवाळे माझ्याकडे होती. तिच्या मोठ्या शर्यतीच्या सकाळी मी तिच्या पायांवरून हात फिरवला. पुढचा डावा पाय गरम लागला, म्हणजे आत काहीतरी दुखावलेलं होतं. ट्रेनरने विचारलं, "ठीक आहे ना?" नाही म्हटलं असतं तर ती शर्यत गेली असती, आणि तशी दुसरी मला कोण देणार होतं? मी म्हणालो, "येस सर."

शेवटून दुसऱ्या कुंपणावर तिचा तोच पाय मोडला आणि ती कोसळली. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. तिच्याभोवती पडदे लावले आणि मी गवतात पडलेला असतानाच गोळीचा आवाज आला.

तुम्हाला मी एवढंच कळवलं, की पडलो पण बरा आहे. उलट टपाली बाबांनी विचारलं, "आन् घोडी?" मी लिहिलं, बरी आहे. पुढं तिला शिंगरू झाल्याचंही लिहिलं. तेव्हा बाबांनी तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना गूळ चारला, हे तूच कळवलं होतंस. ते वाचून मला जेवण गेलं नाही.

तीन वर्षांनी सुट्टीवर आलो, तेव्हा एका दुपारी तबेल्यामागं त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "तुला आधी कळलं व्हतं?"

"हो, बाबा."

त्यांनी बादली उचलली आणि ते आत गेले. रात्री जेवताना माझ्या ताटात भाकरी त्यांनीच वाढली. मला वाटलं, मिटलं.

इकडे इंग्लंडला परत आल्यावर वर्षभरातच मी शर्यती सोडल्या. आता घोडे नेणारी व्हॅन चालवतो. बाबांची पत्रं येत राहिली. थंडी किती आहे, जेवतोस ना, तुझ्या मुलांच्या परीक्षा. घोड्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. ते गेल्यावर तू विचारलंस, शेवटी शेवटी बाबा घोड्यांचं का विचारेनासे झाले होते? त्याचं उत्तर हे आहे, ताई. मी तुलाही सांगितलं नव्हतं.

घर तुझंच आहे, कधीही ये, असं तू लिहितेस. येईन. बाबांनी मला घराबाहेर काढलं नाही, रागाचा एक शब्दही बोलले नाहीत. त्या घरात माझं जेवण, अंथरूण, सगळं होतं. फक्त ज्या कामासाठी मी ते सोडून गेलो, त्याबद्दल तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं. तरीही घर म्हटलं की मला तेच आठवतं. इथं इतकी वर्षं काढली, पण दुसरं घर मला करता आलं नाही.