भावजी, सब्जा आणि माईक

माझ्या ताईच्या नवऱ्याएवढा मोठा आवाज पनवेल तालुक्यात देवाने दुसऱ्या कोणाला दिला नसेल. आम्ही त्यांना भावजी म्हणतो. गावोगावच्या क्रिकेटच्या सामन्यांत ते माईकवर कॉमेंटरी करतात, आणि माईक हातात नसला तरी करतातच. ताई भाकरी थापायला बसली की यांचं सुरू, "भाकरी तव्यावर, भाकरी फुगतेय, आणि... फुटली! काय हा खेळ!" बाजारातून जिताडा मासा आणला की नाक्यापासूनच त्याची लांबी ओरडत येतात. मी मुळात कमी बोलणारी. त्यांच्यासमोर तर मला बोलायची गरजच पडत नाही.

एका बाबतीत मात्र भावजी गप्प असत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी ताईला मूल नव्हतं. देव झाले, डॉक्टर झाले, ताईच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता मिस्टरांची तपासणी करा. त्याच दिवशी भावजींचा घसा बसला. गावातला सामना त्यांच्यावाचून झाला, लोकांना वाटलं कोणी तरी वारलं.

ताईने मनधरणी करून नमुना द्यायला लावला. रिपोर्ट आला त्या दिवशी मीही सोबत होते. आम्ही रिक्षाने गेलो, तरी भावजींनी हेल्मेट घातलं होतं, कोणी ओळखू नये म्हणून. दवाखान्यातही काच खाली ओढून बसले. थोड्या वेळाने उकडायला लागलं तसे आतूनच गरजले, "पंखा वाढवा जरा!" शेजारचा माणूस लगेच वळून म्हणाला, "दादा, आज मॅच नाय काय?"

मग त्यांना एकट्यालाच आत बोलावलं. दार बंद झालं, पण भावजींचा आवाज दाराला जुमानत नाही. डॉक्टर हळू बोलणारे, म्हणून प्रश्न आत राहत आणि उत्तरं बाहेर येत.

"नाय हो, कदीच नाय!"

"...लग्नाआधी? तवा जासईला ट्रेलरवर डायवर होतो."

"एकदाच!"

"...बरं, दोन-तीनदा."

"हा, जळजळ झालेली. पू पन येत होता. मना वाटलं उन्हाळी लागली. सब्जा प्यालो ना मी! बादलीभर प्यालो! थांबली पन!"

बाहेर सगळे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, पदर डोक्यावरून पायापर्यंत घ्यावा. ताई मात्र ताठ बसली होती.

नंतर डॉक्टरांनी ताईलाही आत बोलावून समजावलं. बाहेरच्या संबंधातून भावजींना गुप्तरोग लागला होता. जळजळ आपोआप थांबली, पण औषध न घेतल्याने आतल्या नळ्यांना सूज आली आणि त्या बुजल्या. बीज बाहेर यायला वाटच राहिली नव्हती. वेळीच गोळ्या घेतल्या असत्या तर बहुतेक एवढं झालं नसतं. आता दोघांच्याही आणखी तपासण्या करायच्या होत्या. त्यावर उपाय आहेत, पण खात्री नाही, असंही ते म्हणाले.

ताई रडली नाही, भांडली नाही. फक्त रोज जेवणाच्या ताटाशेजारी सब्ज्याचा पेला ठेवू लागली. भावजी मान खाली घालून तो पीत. कॉमेंटरी बंद.

पुढे त्यांच्या पुतणीची हळद आली. मांडवात डीजे, माईक अर्थातच भावजींकडे. नवरीला हळद लावायला बायका पुढे झाल्या, ताईही उठली. तेवढ्यात भावजींच्या आत्याने नेहमीसारखा तिचा हात धरला. "तू ऱ्हाव दे गो. लेकुरवाळ्या पुढं येव दे." ताई नेहमीसारखी मागे सरली.

"थांबा!" माईक गरजला. डीजे बंद झाला. "पंचांनी निर्णय चुकीचा दिला हाय! आऊट मी हाय, आनि बाहेर तिला काढताव? दोष माझ्यात हाय. लग्नाआधी नको तिथं गेलो, रोग आनला, अंगावर काढला. पोरांनो, जळजळ झाली तर सब्जा पिऊ नका रं, डॉक्टरकडं जा!"

"मेल्या, माईक बंद कर!" आत्या किंचाळली. पोरं हसायला लागली. नवरीनेच हात पुढे केला. "काकी, पयली हळद तूच लाव मना."

ताईने लावली. सवय नव्हती, त्यामुळे अर्धी हळद नवरीच्या नाकाला लागली.

आता गावातली तरणी पोरं संध्याकाळी कोपऱ्यात भावजींना गाठतात, डॉक्टरांचा पत्ता विचारतात. त्यांच्यासाठी भावजी हळू बोलायला शिकले आहेत. दोघांचे उपाय चालू आहेत. घरातला जुना पाळणा अजून माळ्यावरच आहे, आणि कदाचित तिथेच राहील.

पण त्या हळदीहून परतताना मी दोघांच्या मागे चालत होते. ताईने हात धुतले नव्हते. पिवळा तळवा पदराला लागू नये म्हणून ती तो जपून पुढे धरून चालली होती. आणि शेजारी भावजी पुन्हा कॉमेंटरी करत होते, पण इतक्या हळू, की मला एक शब्दही ऐकू आला नाही.