वर्षाची चटणी

चैत्र लागला की कोल्हापुरात दोन बायका भेटल्यावर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. ‘झाली का चटणी?’ असं विचारतात. चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट, वर्षभर पुरेल एवढं एकदाच करून ठेवायचं. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला तेलात परतायचा, कांदा-खोबरं भाजायचं आणि सगळं डब्यांत भरून कांडपाच्या गिरणीवर कुटून आणायचं. तिथं घरची बाई समोर उभी राहिलीच पाहिजे, नाहीतर आपली चटणी दुसरीच्या डब्यात आणि दुसरीची आपल्या. गेल्या उन्हाळ्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. भाजीवाली, शेजारीण, शाळेतल्या जुन्या सहकारी, सगळ्यांनी ‘कशी आहे तब्येत?’ एवढंच विचारलं, तेही आवाज खाली आणून.

कारण सगळ्यांना माहीत होतं. स्तनाचा कॅन्सर मला आधी एकदा होऊन गेला होता. ऑपरेशन, केमो, टक्कल, सगळं यथासांग पार पडलं आणि मी पुन्हा शाळेत भूगोल शिकवायला लागले. बरीच वर्षं गेली. मग पाठ दुखायला लागली. मी बाम चोळला, खुर्ची बदलली, गादीवरून नवऱ्याला बोलले. स्कॅन झाला तेव्हा कळलं की गादीचा काही दोष नव्हता. आजार हाडांत उतरला होता, थोडा यकृतातही.

डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे. ‘आता हा बरा करायचा आजार नाही, सांभाळायचा आहे,’ असं त्यांनी सरळ सांगितलं. ते मला आवडलं. किती दिवस, असं विचारल्यावर मात्र त्यांनी आकडा दिला नाही. ‘गोळ्या चालू करू, दर तीन महिन्यांनी स्कॅन काढू आणि बघू. औषध लागू पडलं तर पुष्कळ जणी बरीच वर्षं काढतात,’ म्हणाले. मी त्यातले तीन महिने तेवढे उचलले.

त्यानंतर माझं जगणं तीन महिन्यांच्या मापाचं झालं. तेलाचा मोठा डबा बंद केला, पिशवी आणायला लागले. चपला झिजल्या होत्या, त्या शिवून घेतल्या, नव्या घेतल्या नाहीत. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. नवऱ्यानं दारात लावायला आंब्याचं कलम आणलं आणि चार वर्षांत फळ धरेल म्हणाला. कुणासाठी, असं मी विचारलं. तो खड्डा खणत राहिला. हे मी दुःखानं करत होते असं नाही. मला ते समजूतदारपणाचं वाटत होतं. जेवढं संपवता येईल तेवढंच पानात वाढून घ्यावं, टाकू नये, असं आमच्या घरचं वळण आहे.

चटणी दरवर्षी मी आणि माझी थोरली जाऊ मिळून करतो. ती वारणेकडच्या गावात राहते. दोन म्हशी, थोडा ऊस, आणि आवाज असा की बांधावरून बोलली तर शेजारच्या शिवारातला माणूस मागे वळून बघतो. मी तिला अक्का म्हणते. मिरच्या तिच्या, गच्ची माझी आणि भांडण दोघींचं. ती मिरची वाढवायला बघते, मी खोबरं.

गेल्या वर्षी ती आली ती हातात स्टीलचा एक डबा घेऊन. लहानसाच, मुलं शाळेत नेतात त्याहून थोडा मोठा.

‘ह्या साली मीच उरकली चटणी,’ ती म्हणाली. ‘तुला त्यो ठसका नको नि दगदग बी नको. ही घे. सपली की सांग, आणून देतो.’

मी डबा हातात घेतला. आमच्या दोघांच्या घरात तीन महिन्यांची चटणी. मी स्वतः माझं माप काढत होते ते ठीक, पण तिनंही ते काढलं होतं आणि ते माझ्या मापाशी तंतोतंत जुळलं होतं. मला भयंकर राग आला. वाईटही वाटलं, पण आधी राग. मी तिला चहा दिला, म्हशींची चौकशी केली, स्टॉपपर्यंत सोडायला गेले आणि घरी येऊन डबा न उघडता वरच्या फळीवर ठेवला.

मग आमच्या घरात विकतच्या चटणीचं पाकीट आलं. कोल्हापुरात हे म्हणजे घराण्याचं नाक कापून घेणं. नवऱ्यानं पहिल्या दिवशी आमटी भुरकली, वर पाणी प्याला आणि म्हणाला, ‘आजारी तू आहेस. आमटीला काय झालंय?’

‘आवडत नसेल तर वर डबा आहे.’

त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाकिटातलीच चटणी खात राहिला. या माणसाशी लग्न करून मी चूक केली नाही, असं मला क्वचित वाटतं. तेव्हा वाटलं.

हाडांसाठीचं औषध सलाइनमधून घ्यायला मला महिन्यातून एकदा दवाखान्यात जावं लागतं. खुर्च्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि हाताला सुई असल्यामुळे शेजारणीपासून सुटका नसते. एकदा शेजारी एक शेतकरी बाई होती. सकाळी डेअरीला दूध घालून एसटीनं आली होती.

‘कुठलं पावणं?’

‘इथलीच, कळंब्याची.’

‘आमी राधानगरीकडलं. माझ्या बी हाडात गेलंय. लई दिवस झालं.’ शेजाऱ्याचं रेडकू वाफ्यात शिरलंय, अशा सुरात तिनं हे सांगितलं.

मग तिनं मला सल्ले द्यायला सुरुवात केली. रक्त वाढायला खेकड्याचा रस्सा, वांगं वर्ज्य, झोपताना उत्तरेला डोकं नको. मला सल्ल्यांचा तिटकारा आहे. मी डोळे मिटून घेतले. तिला त्यानं फरक पडला नाही.

‘चटणी झाली का?’

मी डोळे उघडले. सबंध उन्हाळ्यात मला हे विचारणारी ती पहिली बाई. मी मोकळ्या हातानं डोळे पुसले आणि मला माझीच लाज वाटली. चटणीसाठी कुणी रडतं का?

‘नाही केली या वर्षी.’

‘का वं?’

‘वर्षाची करून काय करू?’

मी काय म्हणते आहे ते तिला नीट कळलं होतं. ती त्याच आजाराची होती.

‘घरातली बाकीची जेवायची बंद हुणार हाईत?’ तिनं विचारलं. मग म्हणाली, ‘मी तर दरसाल करतो. दरसाल म्हणतो, ही शेवटची. मालक कटाळला ऐकून.’ आणि पदर तोंडावर घेऊन झोपली.

तिचं सगळंच मला पटलं असं नाही. वांगं मी अजून खाते. पण त्या आठवड्यात मी फळीवरचा डबा काढला, पिशवीत घातला आणि नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं.

अक्का गोठ्यात होती. मी डबा तिच्यासमोर धरला.

‘परत का आणलीस? खवट झाली व्हय?’

‘उघडलीच नाही. अक्का, ही किती दिवसांची दिली होतीस मला?’

ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती नाही, पण तेव्हा तिनं लपवलं. मोठा डबा गावला न्हाय, म्हणाली. तिच्या घरात डब्यांची उतरंड आहे. मी गप्प उभी राहिले. वर्गात गृहपाठ न केलेल्या पोरांसमोर मी अशीच उभी राहायची, हे शस्त्र जुनं आणि खात्रीचं. शेवटी ती पेंडीच्या पोत्यावर बसली.

‘सासूबाई गेल्या तवा बरणी भरल्याली हुती. ध्यानात हाय?’

होतं. बरणीवर फडकं बांधलं आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या.

‘तुमी दोघं तिकडं कोल्लापुरात. हितं मी रोज त्येच वाढत हुतो. त्यांच्या हातचं. मानूस न्हाय नि चव हाय. कालवणात त्याच, पिठल्यात त्याच. सपली तवा बरणी धुवायला घेतली, तर हात चालंना माझा.’ तिनं पदरानं नाक पुसलं. ‘तुझी मला न्हाई खायाची तसली. तेवढी ताकद न्हाय माझ्यात. म्हणून म्हटलं, करूच द्यायची न्हाय तुला ह्या साली. माझ्या एकटीच्यानं बी वर्षाची हुईना, थोडीच केली नि त्यातली तुला दिली.’

म्हणजे तिनं माझे दिवस मोजले नव्हते. माझ्यामागे माझ्या हातचं काही उरूच नये, एवढंच तिनं पाहिलं होतं. इतके महिने जो तो मला ‘होशील बरी’ म्हणत होता, आणि मी गेले तर आपलं काय होईल हे एकानंही बोलून दाखवलं नव्हतं. हिनं गोठ्यात बसून ते सांगून टाकलं. मला ती फार जवळची वाटली. मी तिच्याशेजारी पोत्यावर टेकले आणि आम्ही दोघी रडलो. म्हशींनी लक्ष दिलं नाही.

‘आपण करू चटणी,’ मी म्हणाले. ‘दरवर्षीएवढी.’

‘आता? वळीव सुरू झाल्यात. मिरच्या वाळत्यात व्हय?’

‘आणि उरली तर तू खायची.’

ती उठली आणि म्हशीला उगाचच एक चापट मारून आत गेली. बाहेर आली ती उरलेल्या मिरच्यांचं पोतं ओढत.

डॉक्टरांनी मास्क आणि हातमोज्यांच्या अटीवर परवानगी दिली. चटणी करायची म्हणून परवानगी मागणारी मी पहिलीच, असं म्हणाले. दुपारी ढग आले की नवरा गच्चीवर धावायचा आणि मिरच्या आत ओढायचा, ऊन पडलं की पुन्हा बाहेर. मसाला मी परतला, कांदा अक्कानं. पाठ दुखली की मी आडवी व्हायची आणि पडल्यापडल्या हुकूम सोडायची. कांडपाच्या गिरणीवर अक्का आत उभी राहिली, मी बाहेर खुर्चीवर. आतल्या बाईनं किती, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्काचा आवाज बाहेर आला, ‘वर्षाची हाय. दोन्ही घरांची.’

घरी बरणी भरताना ती चटणी मुठीनं दाबत होती, थरावर थर. कोपरापर्यंत हात लाल झाला होता.

‘उरली तर खाशील ना?’ मी पुन्हा विचारलं.

‘खाईन की.’ तिनं हात थांबवला नाही. ‘नावं ठेवत खाईन. मीठ जास्त पडलंय तुझ्या हातनं.’

मी चिमूटभर जिभेवर ठेवली. मीठ बेताचं होतं. मी तसं सांगितलं.

‘तुला काय कळतंय,’ ती म्हणाली. ‘पुढल्या साली मी घालतो.’

या चैत्रात मीठ तिनं घातलं. कमी पडलंय, आणि मी तिला ते फोन करून रोज सांगते.