राणीची ओटी

सकाळची पहिली भाजी विकायच्या आधी गयामावशी मान वर करून राणीला विचारायची, "काय वो माय, भाव उतरवू काय?" राणी काही बोलायची नाही. मावशी तो नकार समजायची.

राणी म्हणजे इंग्रजांची. आमच्या तालुक्याच्या गावी बाजारात नक्षीदार कमानींची एक दगडी इमारत आहे. तिच्या दर्शनी कोनाड्यात ही संगमरवरी राणी खुर्चीवर बसलेली असे. नाकाचा शेंडा उडालेला, डोक्यावर बहुधा कबुतर. बरोबर तिच्याखाली मावशीचं वांगी-मेथीचं दुकान. मी समोरच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून माझी भाजी तिच्याकडचीच. घासाघीस केली की ती बोट वर करी. "तिच्यादेखत लबाड बोलू काय, मास्तरीणबाई? आमाले दोघींलेबी दिवसभर इथंच बसा लागते." मग मूठभर मिरच्या फुकट घालायची, त्या मात्र राणीला न विचारता.

एवढी बोलकी बाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गप्प व्हायची. लेक पोटात असतानाच नवरा गेलेला. बायका वाणासाठी बोरं, हरभऱ्याचे घाटे तिच्याकडून नेत आणि कुंकू लावताना तिला वगळत. मला त्याचा राग यायचा. ती म्हणायची, "रीत हाये बाप्पा, चालाचंच."

महाराष्ट्र राज्य झालं, आणि राणीला उतरवून तिथं घड्याळ बसवायचं ठरलं. मावशीची त्याला हरकत नव्हती. "पाहुणी लय दिवस राह्यली. जाऊ द्या. पण तशीच धाडता काय?"

दोरखंडांनी बांधून राणी खाली बैलगाडीत आली. "वर केवढी वाटे, अन् हे पाहा," मावशी हळहळली आणि थेट बैलांसमोर जाऊन उभी राहिली. पाटीतून तिनं खण, नारळ आणि सूपभर गहू काढून माझ्या हाती दिले. "भरा हिची ओटी. बाईले रिकाम्या पदरानं घरी धाडत नाहीत. माह्या हातानं चालत नाही, म्हून तुमाले म्हन्तो."

मी इतिहास शिकवणारी. तोंडातून निघूनच गेलं, "मावशी, हिचा नवरा हिच्या कितीतरी आधी गेला. हीसुद्धा विधवाच होती."

गाडीवान हसला. मावशी राणीकडे बघत राहिली. इतकी वर्षं शेजारी बसून हिनं आपल्याला एवढं सांगू नये, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. आता खण पाटीत परत जाणार, असं मला वाटलं. तिनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं.

"मंग त माह्याच हातानं चालते," ती म्हणाली. राणीच्या मांडीवर तिनं स्वतः ओटी भरली. वर दोन वांगीही ठेवली, वाटेत लागतील म्हणून.

घड्याळाशी तिचं कधी जमलं नाही. "सारखं टिकटिक करते, आयकत काईच नाही." पुढे गुडघे धरले आणि लेक तिला वडनेर भोलजीला न्यायला आली. निघायच्या दिवशी मी खण-नारळ घेऊन बाजारात गेले. शेजारच्या भाजीवाल्या टोपल्या सोडून भोवती जमल्या.

"माही ओटी? येड्या झाल्या काय, मास्तरीणबाई. माह्या कपायाले कुंकू तरी हाये काय?"

"राणीच्या होतं का?" मी विचारलं.

तिनं सवयीनं मान वर केली. तिथं घड्याळ होतं. मग तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

"भरा मंग," ती म्हणाली. "पण वांगी नका टाकू. माह्या पाटीत लय हायेत."