आधी तू सांग

माझा स्वभाव तापट आहे आणि शिकवताना मला त्याचा उपयोगच झाला. कोलशेतच्या एका औषध कंपनीत जंतू तपासण्यात सगळी नोकरी गेली. हाताखालची मुलं मला टरकून असायची. निवृत्त झाल्यावर कोपरीच्या घरात बसून मी शेजाऱ्यांवर खेकसत होते, तेवढ्यात डोंबिवलीतल्या चार उत्साही मंडळींनी बोलावलं. बंद पडलेल्या एका क्लासच्या दोन खोल्यांत त्यांनी जीवशास्त्राची लॅब उघडली होती. कुणीही यावं, हाताने काम करावं आणि शिकावं. सहा महिने, शनिवार-रविवार, एका शिक्षकाकडे दोन-तीन मुलं. शेवटी मुलाने एकट्याने केलेल्या वीस स्लाइड शिक्षकाने स्वतः तपासायच्या आणि वहीत सह्या करायच्या. मार्क नाहीत, परीक्षा नाही. सही म्हणजे याला हे काम येतं, बस.

मला ते फार पटलं. कॉलेजात पंधरा जणांत एक मायक्रोस्कोप असतो आणि चौदा जण शेजाऱ्याच्या वहीतून चित्र उतरवतात.

माझ्याकडच्या मुलांतली एक मुलगी मोहन्याहून यायची. बी.एस्सी. झालेली, बोलायला कमी, हाताने चटपटीत. मी तिला जंतूंची स्लाइड रंगवायला शिकवत होते. काचेवर दह्याचा नाहीतर पाण्याचा थेंब पसरून वाळवायचा, जांभळा रंग द्यायचा, तो पक्का करायला आयोडीन, वरून स्पिरिट सोडून धुवायचं आणि शेवटी गुलाबी रंग. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काहींचा धुऊन जातो आणि ते गुलाबी होतात. त्यावरून जंतू कोणत्या गटातला ते ठरतं. सगळी मेख स्पिरिटमध्ये. थोडं कमी धुतलं तर सगळंच जांभळं, जास्त धुतलं तर सगळंच गुलाबी. हे पुस्तकातून येत नाही, हाताला यावं लागतं.

माझी एक पद्धत होती. मायक्रोस्कोपला आधी मुलाने डोळा लावायचा. "आधी तू सांग, मग मी बघते." पद्धत चांगलीच आहे, मुलं विचार करायला लागतात. पण त्या वर्षी मधुमेह माझ्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचला होता. इंजेक्शनं चालू होती. रस्ता दिसायचा, माणसं ओळखू यायची. मायक्रोस्कोपमध्ये मात्र मधोमध राखाडी डाग, आणि जांभळं काय नि गुलाबी काय, सगळं सारखंच. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मंडळींनी गोड बोलून मला चहापाण्याच्या व्यवस्थेवर बसवलं असतं. त्यापेक्षा ती पद्धत बरी पडली. मुलं सांगायची, मी डोळा लावायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "बरोबर."

दह्यात काही बिघडत नव्हतं, दह्यातले जंतू जांभळेच असतात. एकदा तिने खाडीचं पाणी आणलं आणि म्हणाली, "सगळ्या जांभळ्या दांड्या आहेत, मॅडम." खाडीच्या पाण्यातले असले दांडीसारखे लांबट जंतू बहुतेक गुलाबीच निघतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मनात आलंही. पण हटकलं की "मग तुम्हीच दाखवा ना" आलंच. मी "बरोबर" म्हटलं. वीसच्या वीस सह्या केल्या.

त्या वहीवर तिला अंबरनाथच्या बाजूला एका कंपनीच्या लॅबमध्ये तीन महिन्यांच्या बोलीवर काम मिळालं. दोन महिन्यांनी एका शनिवारी ती आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिथे गट आधीच माहीत असलेले जंतू देऊन हात तपासतात. तिच्या स्लाइड चार वेळा चुकल्या होत्या. सोमवारी शेवटची संधी, नाहीतर घरी.

"मॅडम, मी तुमच्यासमोर करते. फक्त सांगा कुठे चुकतेय. तिकडचे सर बोलतात, तुझं सगळंच जांभळं येतं. पण तुम्ही तर वीस पास केलेल्या ना?"

"कर," मी म्हटलं.

येताना तिने पुन्हा खाडीचंच पाणी आणलं होतं; त्याचा थेंब रंगवायला ती सिंकपाशी उभी राहिली. मी मागे स्टुलावर. स्पिरिट सोडताना ती पुटपुटत मोजत होती, "एक, दोन, तीन, चार," आणि नळ सुरू झाला. थेंब ती नेहमीच जाड पसरायची. तेवढ्या जाड थेंबाला दहा-बारा तरी मोजावे लागतात. डोळ्यांची गरजच नव्हती, मला बसल्या जागी सगळं कळलं. सहा महिने ती माझ्या शेजारी उभी राहून चारच मोजत आली होती आणि माझं सगळं लक्ष माझं बिंग सांभाळण्यात होतं.

एक वाक्य पुरे होतं. अगं, आणखी सात-आठ मोज. एका दुपारीत तिचा हात सुधारला असता. पण त्यानंतर ती विचारणार होती की मग तुम्ही सह्या कशा केल्यात. आणि ती विचारणारच, कारण प्रश्न विचारायला मीच तिला शिकवलं होतं.

"आधी मी सांगू?" ती म्हणाली. "मला जांभळंच दिसतंय."

मी डोळा लावला. राखाडी. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबले.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "इथे तर नीट करतेस. तिथे घाबरत असशील, घाई करत असशील."

"घाई नाही करत मी, मॅडम." मायक्रोस्कोपखालची काच काढून घेत ती म्हणाली, "म्हणजे माझ्यातच आहे काहीतरी. मला वाटलेलं, काहीतरी साधंच निघेल."

तिने सिंक धुतलं, बाटल्या जागेवर ठेवल्या. मला तिचा राग आला, ही भांडत का नाही म्हणून. भांडली असती तर मी बोलले असते, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले. तेही खोटं आहे. मी नसतेच बोलले.

जाताना ती वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यशस्वी हो." सोमवारी ती कामावर गेलीच नाही, हे मला नंतर मंडळींकडून कळलं.