मिरच्यांची फौज

ओल्या कोथिंबिरीचा वास आला की अकोल्यातल्या माझ्या वकीलमित्राची ओसरी आठवते. इतिहासातला सर्वांत मोठा पराक्रम कोणाचा, यावरून आमची जुंपली होती. तो बाजीरावाला सोडेना, मी सिकंदराला. मोर्णा नदीवरून येणाऱ्या वाऱ्यानं दुपार पेंगुळली होती. सिकंदराची लढाई मांडून दाखवायला दारावर आलेल्या भाजीवालीची पाटी मी न विचारताच फरशीवर रिकामी केली. कोथिंबिरीची झेलम वाहू लागली, पलीकडे वांग्यांचे हत्ती झुलू लागले, मिरच्यांचे शिपाई मी नदीपार नेले आणि लढाईत पडले ते बाजूला भिरकावले. तिचा मुलगा इंग्रजांच्या पलटणीतून समुद्रापार लढायला गेलेला, याचं मला भानच नव्हतं. भिरकावलेल्या मिरच्या पदरात गोळा करत तिनं हळूच विचारलं, “मास्तर, याच्यात माहा पोरगा कोन्ता हाय?” मिरचीचा देठ मोडताना माझा हात अजून थांबतो.