शिंगं बुडाशी ओली

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे करवत म्हणत. सव्वीस वर्षं सांबरांची शिंगं कापण्यात गेली होती, आणि जीभही तशीच होती. ज्याच्यावरून फिरे, त्या माणसाचा भुसा पाडी.

सांबराची शिंगं गळतात आणि नवी फुटतात. आधी त्यांच्यावर लवदार कातडी असते, आत रक्त खेळत असतं. ती वाळून गळून पडली की नर चिखलात लोळतात, झाडांवर डोकी घासतात आणि एकमेकांच्या जिवावर उठतात. आतलं रक्त आटल्यावर, पण झुंजी जुंपण्याआधी सगळ्यांची शिंगं एकाच दिवशी कापायची, हा करवतचाच नियम. शिंगवाले दोघे भिडले की शिंगांत शिंगं अडकतात आणि रेटारेटीवर भागतं. बोडक्याकडे अडवायला काही नसतं. समोरच्याचं टोक थेट पोटात जातं.

त्या वर्षी मुकादमाची जागा रिकामी झाली. तिच्याबरोबर दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. करवत आणि त्याची बायको एका खोलीत राहत. अंथरुणातून हात लांबवला की शेगडी. जागेवर आणखी एकाचा हक्क होता, करवतच्याच हाताखाली शिकलेल्या धाकट्या मेहुण्याचा. कामाला चोख, तोंडाने गोड, साहेबांचा लाडका.

कापणीच्या दिवशी चार नर बोडके झाले. पाचवा, सर्वांत थोराड, अरुंद बोळात उभा राहिला. त्याची शिंगं मुळापर्यंत खडखडीत वाळली होती. मेहुणा मागची फळी धरून होता. त्याला नुसतं जनावराचं ढुंगण दिसत होतं.

करवतने शिंगांवरून हात फिरवला. "वरून वाळलीत, बुडाशी ओली आहेत. रक्ताचा पाट वाहील. आठवड्याने बघू."

"मग ह्याला वेगळा ठेवू का, दाजी?"

"कशाला? ओल्या शिंगांचा नर भांडत नाही. दुखतं त्याला. सकाळी फाटक तुझ्याकडे आहे ना? सोड सगळ्यांत."

"तुम्ही म्हणाल तर वाघही सोडेन," मेहुणा हसला.

करवतचा हिशेब साधा होता. एखादं जनावर फाटेल, फाटक उघडणारा अडकेल, जागा आपली.

सकाळी फाटक उघडलं. थोराड नराने मान खाली घातली आणि पहिल्याच बोडक्याचं पोट उसवलं. ते जनावर स्वतःच्याच आतड्यांवर पाय देत उभं राहिलं. इथवर हिशेब बरोबर होता. पण मेहुणा फळी घेऊन मधे घुसला. नर वळला आणि त्याला जाळीला लावून रेटू लागला.

"दाजी, बाजूचं दार!"

किल्ली करवतच्या खिशात होती. तिसऱ्या धडकेपर्यंत हातही खिशातच राहिला.

दुपारी त्याने एकट्यानेच त्या नराची शिंगं कापली. भुसा पांढराशुभ्र पडला. तो त्याने स्वतः झाडून टाकला.

साहेब चौकशीला इस्पितळात गेले, तेव्हा मेहुणा म्हणाला, "फाटक मी उघडलं. दाजींचा काही संबंध नाही." त्याचा पाय मांडीपासून काढला होता. करवत मुकादम झाला.

दुसऱ्या खोलीत बायकोने भावाला आणून ठेवलं. करवत कामावरून आला, की आतून आवाज येतो.

"दाजी, बुडाशी ओलीच होती ना?"

भांडी घासणारा बायकोचा हात थांबतो.

"ओली होती," करवत म्हणतो.

मग ती पुन्हा घासू लागते, जरा जोराने.